अश्वांच्या हृदयाची कैफियत

कामोठे, नवी मुंबई

मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य, पुणे, यांस,



ज्या रायगड जिल्ह्यात आमचे कामोठे वसलेले आहे त्याच जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, माथेरानचे पठार आहे. आणि ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली त्याची सरकारदरबारी ओळख करून दिल्यापासून आजतागायत तेथील दळणवळणाचा भार मुख्यत्वे माणसाच्या पायांनी आणि घोड्याच्या पाठीने वाहिला आहे. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी डोंगर चढली, पुढे दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारीची सडक झाली, तरी नाक्यापलीकडे खाजगी मोटारीस मज्जाव असल्यामुळे, प्रवासी असो की किराणा मालाचे पोते असो, त्याला तांबड्या मातीच्या वाटेने पुढे नेण्यास घोडा हाच मुख्य आधार राहिला. सुमारे साडेचारशे परवानाधारक घोड्यांवर तेथील शेकडो कुटुंबांची चूल पेटते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षेची प्रथा सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा हुकूम दिला आणि विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा मार्ग दाखविला, ही गोष्ट मानवी प्रतिष्ठेच्या दृष्टीने अत्यंत इष्ट झाली. परंतु त्याच वाटेवर त्याच चढणीने चालणाऱ्या मुक्या प्राण्याच्या श्रमाचा विचार त्या निमित्ताने व्हावा, आणि तोही केवळ दयेच्या भाषेत नव्हे, शास्त्राच्या भाषेत व्हावा, अशी माझी इच्छा आहे. म्हणून हे पत्र आपणांस उघडपणे लिहीत आहे.

विषय घोड्याच्या हृदयाचा आहे, आणि त्यातही त्या हृदयातून ऐकू येणाऱ्या एका विशिष्ट ध्वनीचा, ज्याला वैद्यकात मर्मर असे म्हणतात. पशुवैद्याने छातीला नळी लावून हा शब्द उच्चारला की अश्वपालाच्या मनात एकच अर्थ उमटतो, आणि तो म्हणजे घोडा गेला, परवाना गेला, हंगाम बुडाला. या धास्तीपायी कोणी घोड्याला तपासणीस नेण्याचेच टाळतो. कोणी तो घाईने मिळेल त्या किमतीला बाजारात उभा करतो, आणि मग तो घोडा, आपल्या हृदयातील वैगुण्यासह, दुसऱ्या एखाद्या अनभिज्ञ मालकाच्या खोगिराखाली, कदाचित दुसऱ्या एखाद्या बालकाच्या भाराखाली, पूर्ववत राबू लागतो. याच्या उलट, ज्या घोड्याच्या हृदयात काडीचाही दोष नाही असा सशक्त प्राणी केवळ एका निरुपद्रवी आवाजामुळे कायमचा निकालात काढला जाण्याचाही संभव असतो. या दोन्ही अनर्थांचे मूळ एकच आहे: ध्वनी ऐकणे आणि ध्वनीचा अर्थ लावणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि त्या दोहोंमध्ये जी मोजमापाची व नोंदीची पायरी असावयास हवी, ती पुरेशी दृढ झालेली नाही.

घोड्याचे हृदय हा सृष्टीचा एक विलक्षण आविष्कार आहे. शरीराच्या वजनाच्या साधारणतः एक शतांश, म्हणजे ४५० किलो वजनाच्या घोड्यात चार ते साडेचार किलो, इतके ते मोठे असते; आणि विश्रांतीच्या वेळी ज्याचे ठोके मिनिटाला अवघे २८ ते ४४ पडतात, तेच हृदय भरधाव दौडीत मिनिटाला २२० किंवा त्याहूनही अधिक वेळा आकुंचन पावू शकते. तट्टांमध्ये विश्रांतीचे ठोके किंचित अधिक असतात, परंतु आवाक्याचे प्रमाण तसेच प्रचंड. माणसाच्या हृदयाचे सामान्यतः दोनच ध्वनी नळीतून ऐकू येतात. निरोगी घोड्याचे मात्र चारपर्यंत ऐकू येऊ शकतात, आणि ते सर्व स्वाभाविक असतात. इतकेच नव्हे, तर स्वस्थ उभा असलेला धडधाकट घोडा ठरावीक अंतराने एखादा ठोका चक्क गाळतो, आणि दहा पावले दुडकी चालविला की तोच ठोका पुन्हा आपल्या जागी येतो. कारण विश्रांतीत त्याच्या मज्जासंस्थेने हृदयाचा लगाम आवळून धरलेला असतो आणि श्रम सुरू होताच ती तो सैल सोडते. माणसाच्या हृदयाचे मापदंड घोड्यास लावणारा मनुष्य अशा वेळी रोग नसलेल्या ठिकाणी रोग पाहतो. घोड्याचे हृदय घोड्याच्याच मापाने जोखले पाहिजे.

आता मर्मराचे कारण पाहू. हृदयातील रक्त जोवर सुरळीत, थरावर थर अशा गतीने वाहते तोवर ते निःशब्द असते. गती वाढली, वाट अरुंद झाली, एखादी झडप नीट न मिटल्याने रक्त मागे उसळले, किंवा रक्तच पातळ झाले, म्हणजे प्रवाहात भोवरे उठतात आणि त्यांचा नाद ठोक्यांच्या मधल्या शांततेत ऐकू येतो. माथेरानच्याच डोंगररांगेत उगम पावून पनवेलवरून वाहणारी गाढी नदी डोहात मुकी असते आणि खडकांवरून उतरताना खळाळते, परंतु केवळ खळाळते म्हणून तिचे पाणी दूषित आहे असे कोणी म्हणत नाही. घोड्याच्या विशाल हृदयातून दर ठोक्याला जो रक्ताचा मोठा लोट महाधमनीत लोटला जातो, त्याच्या वेगामुळेच पुष्कळ निरोगी, किंबहुना विशेष कसलेल्या घोड्यांमध्ये, पहिल्या व दुसऱ्या ध्वनीच्या दरम्यान एक मंद, आखूड असा मर्मर उठतो. भय, उत्तेजना, ज्वर किंवा पोटशूळ यांनी तो वाढतो, शांततेत तो ओसरतो, कधी नाहीसाही होतो. त्याच्या मागे कोणत्याही झडपेचा दोष नसतो.

परंतु सर्वच मर्मर असे निष्पाप नसतात. डाव्या बाजूस, कोपरामागे जेथे हृदयाचा धक्का हाताला लागतो तेथे, दोन ध्वनींमधील सर्व अवकाश व्यापणारा जो मर्मर ऐकू येतो, तो डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील द्विदल झडपेच्या गळतीचा असण्याचा संभव असतो, आणि झडपांच्या विकारांत पुढे हृदय निकामी करण्याची शक्ती याच विकारात अधिक असते. उजव्या बाजूस ऐकू येणारी त्रिदल झडपेची सौम्य गळती घोडे बहुधा वर्षानुवर्षे निभावून नेतात. वय झालेल्या घोड्यांमध्ये, दुसऱ्या ध्वनीनंतर सुरू होऊन हळूहळू मावळत जाणारा, कधी कधी तर संगीताच्या एखाद्या दीर्घ स्वरासारखा मर्मर ऐकू येतो. तो महाधमनीच्या झडपेच्या झिजेचा द्योतक असतो. हा विकार मंदगतीचा असून त्यासह अनेक घोडे आपले उर्वरित आयुष्य सुखाने कंठतात. मात्र जबड्याखालील धमनीवर बोट ठेवले असता नाडी उसळून येते आणि लगेच कोसळते असे जाणवल्यास, गळती मोठी आहे व श्रमाच्या वेळी ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका आहे, असे समजून पुढील तपासणी केलीच पाहिजे. शिंगरात किंवा तरुण तट्टात उजव्या बाजूस मोठ्याने ऐकू येणारा कर्कश मर्मर जन्मजात दोषाची, म्हणजे दोन खालच्या कप्प्यांमधील पडद्यास राहिलेल्या छिद्राची, शंका उत्पन्न करतो. घोड्यांच्या जन्मजात हृद्दोषांत हाच दोष सर्वाधिक आढळतो.

आणखी एक प्रकार आपल्या प्रांतात विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चावणाऱ्या माश्यांच्या द्वारे पसरणारा सर्रा आणि गोचिडांच्या द्वारे पसरणारे रक्तातील परजीवींचे ताप घोड्याला पंडुरोगी करतात. रक्त पातळ होते, हृदय ती उणीव वेगाने भरून काढू पाहते, आणि मर्मर ऐकू येऊ लागतो. अशा वेळी दोष हृदयाचा नसून रक्ताचा असतो, औषध मूळ रोगावर द्यावयाचे असते, आणि रोग बरा झाला की पुष्कळदा ध्वनीही जातो. मात्र ज्वर, खंगत जाणे आणि नव्याने उद्भवलेला मर्मर ही त्रयी एकत्र दिसली, तर झडपेवरच जंतूंनी ठाण मांडल्याची भीती असते, आणि तेथे एक दिवसाचाही विलंब घातक ठरतो.

यावरून हे स्पष्ट व्हावे की मर्मर आहे किंवा नाही एवढीच नोंद निरर्थक आहे. तो ठोक्याच्या कोणत्या भागात आहे, कोणत्या बाजूस व कोणत्या स्थानी सर्वाधिक आहे, त्याची तीव्रता किती आहे, श्रमानंतर तो वाढतो की मावळतो, आणि घोडा कामास कसा उतरतो, या पाच प्रश्नांच्या उत्तरांवाचून निर्णय देणे म्हणजे पुरावा न ऐकता निवाडा करणे होय. तीव्रता मोजण्यासाठी सहा श्रेणींची पद्धत १९३३ साली सॅम्युएल लेव्हिन या हृद्रोगतज्ज्ञाने माणसांसाठी रूढ केली आणि पशुवैद्यकानेही ती स्वीकारली: पहिल्या श्रेणीचा मर्मर शांत जागी कान देऊन ऐकावा लागतो, आणि वरच्या श्रेणींत छातीवर ठेवलेल्या तळहाताला थरथर जाणवते. लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली शोधलेली नळी आज अल्प किमतीत मिळते. जे महाग आहे ते तिच्यामागील शिक्षित कान, आणि त्या कानास लागणारी निवांत दहा मिनिटे.

निवांतपणाचा मुद्दा मी मुद्दाम मांडतो. आमच्या कामोठ्यात, खारघरात, पनवेलीत लग्नसराईच्या दिवसांत नवरदेवाची घोडी ताशा, कर्णे आणि फटाक्यांच्या गदारोळात उभी असते. अशा ठिकाणी, किंवा पर्यटकांच्या गर्दीने गजबजलेल्या नाक्यावर, घाईने नळी लावून केलेली तपासणी दोन्ही बाजूंनी फसवी ठरते. बिथरलेल्या हृदयात नसलेले मर्मर ऐकू येतात आणि असलेले गोंगाटात बुडतात. तपासणी तबेल्यात, खोगीर उतरवून, चारा खाऊन स्वस्थ झालेल्या घोड्याची, छातीच्या दोन्ही बाजूंस, पुढचा पाय किंचित पुढे घेऊन झाली पाहिजे. त्यानंतर थोडी दुडकी देऊन पुन्हा एकवार कान दिला पाहिजे. हृदयाची लय मुळीच न जुळता, कोणत्याही क्रमावाचून, वेडीवाकडी चालली असेल, तर मर्मर असो वा नसो, तो घोडा स्वारासाठी तूर्त बंद, हा निर्णय तत्काळ झाला पाहिजे; कारण अशा घोड्याचे पाय चढणीवर अकस्मात लटपटले, तर त्याच्यासह पाठीवरील माणसाच्याही जिवावर बेतते.

कायद्याचे पाठबळ या कामी नाही असे नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमाने रोगग्रस्त किंवा अशक्त जनावरास कामास जुंपणे हा अपराध ठरविला आहे. १९६५ च्या ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांविषयीच्या नियमांनी तट्टाच्या पाठीवरील ओझ्याची मर्यादा ७० किलो घालून दिली आहे, आणि दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक किंवा विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई केली आहे. परंतु जो रोग डोळ्यांना दिसत नाही, तो आहे हे कळल्याखेरीज कायद्याचे हात तेथवर पोहोचत नाहीत. लंगडणारा पाय पोलीस शिपायालाही दिसतो. गळकी झडप केवळ नोंदीमुळे दिसते.

अशी तजवीज ठेवणे हे या राज्याच्या परंपरेस परके नाही. शिवछत्रपतींच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद यांची नेमणूक होती, म्हणजे घोड्याचे पाणी आणि त्याचे खूर या गोष्टी स्वाराच्या लहरीवर न सोडता सरकारी जाबत्यात बसविलेल्या होत्या. भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांच्या मोहिमा पेलल्या. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही त्या तट्टांचे स्मरण आहे. ज्या मुंबईत १८८६ पासून परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे आहे, जेथे महालक्ष्मीच्या मैदानावर धावणाऱ्या उंची घोड्यांच्या नाडीचा आणि श्वासाचा काटेकोर हिशेब ठेवला जातो, त्या मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरील कष्टकरी तट्टाला तोच हिशेब दुर्लभ असावा, हे न्याय्य नव्हे. शर्यतीच्या घोड्याचे हृदय लाखांचे आणि माथेरानच्या घोड्याचे हृदय कवडीमोल, असा भेद शरीरशास्त्राला ठाऊक नाही.

सबब आपल्याकडे पुढील विनंत्या सादर आहेत.

पहिली अशी की, माथेरान, महाबळेश्वर व पाचगणी येथील स्वारीचे घोडे, अलिबागेच्या किनाऱ्यावर आणि ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालणाऱ्या घोडागाड्यांचे घोडे, आणि शहरांतील लग्नसमारंभांत वापरले जाणारे घोडे, या सर्वांची हृदयतपासणी वर्षातून एकदा, पावसाळा सरून हंगाम सुरू होण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत, सरकारी खर्चाने व्हावी, आणि वर सांगितलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे, विश्रांतीतील ठोक्यांची संख्या व लय यांसह, प्रत्येक घोड्याच्या परवान्यास जोडलेल्या पत्रिकेवर लिहिली जावीत. असे काम आज जेथे होत असेल तेथे त्याला नियमाचे कायम स्वरूप द्यावे. जेथे होत नसेल तेथे ते सुरू करावे.

दुसरी अशी की, या तालुक्यांत नेमलेल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना अश्वहृदयाच्या श्रवणाचे विशेष शिक्षण परळ येथे मिळावे, आणि हृदयाची ध्वनिचित्रे व विद्युत्-आलेख घेणारी फिरती यंत्रे एका पथकाच्या हवाली करावीत. नेहमीच्या श्रवणात तिसऱ्या श्रेणीचा किंवा त्याहून तीव्र, अथवा दुसऱ्या ध्वनीनंतरचा मर्मर ज्याच्यात आढळेल, त्याच घोड्यासाठी ही यंत्रे लागतील, सर्वांसाठी नव्हे. खर्च त्यामुळे आटोक्यात राहील.

तिसरी विनंती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. केवळ मर्मराच्या नोंदीवरून कोणाचाही परवाना रद्द होणार नाही, असे आपल्या सहीनिशी जाहीर व्हावे. संशयित घोड्याचे काम फेरतपासणीपर्यंत तहकूब राहावे, त्या अवधीत मालकाला चंदी-चाऱ्यापुरते साहाय्य मिळावे, आणि घोडा स्वारीस कायमचा अपात्र ठरलाच, तर त्याच परवान्यावर दुसरा घोडा रुजू करण्याची मुभा असावी. ज्या व्यवस्थेत खरे सांगणाऱ्याचा घास हिरावला जातो, त्या व्यवस्थेत कोणी खरे सांगत नाही. आणि तपासणीला अश्वपालाने होऊन घोडा आणून उभा केला नाही, तर कितीही कडक हुकूम काढले तरी ते दप्तरात पडून राहतील.

चौथी विनंती विक्रीविषयी आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास, आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, जे मोठे अश्वबाजार भरतात, तेथे दात पाहून वय ठरते, चाल पाहून किंमत ठरते. त्याच ठिकाणी पशुवैद्याकडून हृदयाचा दाखला घेण्याची सोय ठेवावी. विकत घेतानाच दोष कळला, तर गरीब मालकाची आयुष्याची पुंजी बुडणार नाही.

माझ्या अश्वपाल बंधूंनाही याच पत्रातून चार शब्द सांगतो. घोड्याच्या हृदयाचे पहिले परीक्षक तुम्हीच आहात. सकाळी खरारा करताना डाव्या कोपरामागे हात ठेवून मिनिटभर ठोके मोजण्याची सवय लावून घ्या. नेहमीचा आकडा ठाऊक असेल तर बिघडलेला आकडा आपोआप ध्यानात येतो. चढण संपल्यावर ठोके किती वेळात खाली येतात ते पाहा. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय अश्वस्पर्धांत ठोके साधारणतः ६४ पर्यंत उतरल्याखेरीज घोड्याला पुढे सोडत नाहीत, यावरून या एका मापाचे महत्त्व समजावे. काल हसतखेळत चढलेली चढण आज अडखळत चढणे, विश्रांतीतही श्वास जोराने चालणे, खोकला, छातीखाली किंवा पोटाखाली सूज, मान सरळ असतानाही गळ्याची शीर फुगून उडत राहणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्या दिवशी खोगीर ठेवू नका, डॉक्टरांना इत्तला द्या. एका दिवसाची कमाई पुन्हा मिळते. आणि जे प्रवासी सुटीसाठी डोंगरावर जातात, त्यांनी आपल्या वजनाला पेलेल असाच घोडा मागावा, घोडेवाला घोडा थांबवून विसावा देत असेल तर त्याच्यावर चिडू नये, आणि पत्रिका दाखविणाऱ्या अश्वपालास पहिली पसंती द्यावी. म्हणजे प्रामाणिकपणाला बाजारातही भाव येईल.

आमच्या कामोठ्यात महात्मा गांधी मिशनचे मोठे रुग्णालय आहे. तेथे जन्मणाऱ्या बाळाच्या छातीला नळी लागते, त्यात मर्मर ऐकू आला तर आईबाप घाबरतात, डॉक्टर त्यांना धीर देतात, पुढील तपासण्या होतात, आणि पुष्कळदा बाळ पूर्ण निरोगी असल्याचे निष्पन्न होते. ऐकणे, मोजणे, नोंदणे आणि मगच ठरविणे, हा क्रम माणसाच्या बाबतीत आपण निर्विवाद मान्य केला आहे. जो प्राणी आपल्या मुलांना पाठीवर घेऊन कड्याच्या काठाने चालतो, त्याच्या बाबतीतही तोच क्रम लागू करणे हे आपल्या हाती आहे, आणि त्यास मोठ्या द्रव्याची नव्हे, एका नियमाची व नित्याच्या अंमलबजावणीची आवश्यकता आहे.

दसऱ्याला आपल्याकडे घोड्याची पूजा होते, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात. येत्या दसऱ्यापूर्वी माथेरानच्या प्रत्येक घोड्याची हृदयपत्रिका तयार व्हावी, असा आदेश आपण काढावा, ही कळकळीची प्रार्थना.

आपला नम्र,
कामोठ्याचा एक रहिवासी